उजवा गाल

लातूर–परभणी, सकाळी सातची.
जाताना पूर्व उजव्या हाताला,
येताना पश्चिमही उजव्याच हाताला.
एकोणतीस वर्षं
सूर्य माझ्या डावीकडं बसलाच नाही.

हे मला ठाऊक नव्हतं.
दिवाळीच्या सुट्टीत प्रज्योतीनं दाखवलं,
आरशासमोर उभं करून, नाकाच्या मधोमध तिची फार्मसीची वही धरून.
आधी डावा अर्धा : हा बाबा माझ्या बारशाच्या फोटोतला.
मग वही सरकवली.
उजवा : मुठीत चुरगाळून
तपासनीस आल्यावर घाईनं सरळ केलेलं तिकीट.

"काचेतूनपण ऊन येतं, बाबा."
काच बंद होत असती तर, हे मी बोललो नाही.

ट्यूब चारशे पंच्याऐंशीची.
दोन बोटांवर दोन रेघा, त्याहून कमी नाही.
चोळायचं नाही, टेकवत जायचं.
कान विसरायचे नाहीत, मान विसरायची नाही.
निघायच्या पाव तास आधी, मग गंगाखेडला परत.
आंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच मलम,
रात्रीचा मोबाइल बंद, झोप,
आणि ती पुडी...
पुडीपाशी ती थांबली.
आमच्या घरात सगळी बोलणी पुडीपाशीच थांबतात.

पहिल्या दिवशी डेपोत गुंडेराव कंडक्टर :
"कामून ओ कसबे, गिरणीतून आलाव का?"
सगळे हसले. मीही हसलो,
पांढऱ्या भुवयांनी.
आठवडाभर मी अंधारात लावलं,
गाडीच्या मागं, चोरून विडी ओढल्यासारखं.

तिसऱ्या आठवड्यात परळीच्या स्टँडवर
गुंडेराव टायरकडं बघत म्हणाला,
"थोडं द्या की. नाकावर लई जळायलंय."
मी त्याच्या तळहातावर दोन रेघा ओढल्या.
त्या दिवसापासून तिकिटं फाडताना
त्याची बोटं जरा निसटतात.

चैतात गच्चीवर कुरडया सुरू झाल्या.
कुशावर्ता ऑर्डरी घेते. सकाळी नऊ ते चार,
चादरी, दगड, कावळ्यांना हाकायची काठी.
एका रजेच्या दिवशी गंमत म्हणून
मी तिला आरशासमोर उभं केलं,
मध्ये वही धरली.

डावा अर्धा. उजवा अर्धा.
पुन्हा डावा.
फरकच नाही.
ऊन तिच्याकडं दोन्ही बाजूंनी आलं होतं,
वरून, आणि चादरीवरून उसळून खालूनही.
तुलनेला ठेवावी अशी एकही बाजू
तिच्याकडं शिल्लक नव्हती,
म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.
माझ्याही नाही.

"सोडा, वाळत घातलंय," म्हणत तिनं हात झटकला,
बांगड्या कोपराकडं सरकल्या,
आणि मनगटावर बोटभर रुंद पट्टा दिसला
कोवळ्या, गव्हाळ कातडीचा.
हा रंग मी ओळखत होतो.
ह्याच रंगाच्या हातानं
मला पहिल्यांदा पाण्याचा तांब्या दिला होता, औशात,
आणि मी तांब्याकडं बघायचं सोडून...
असो.

मी दोन रेघा काढल्या.
"चारशे पंच्याऐंशीचं आहे ना? अर्धीच घ्या."
मी तिसरी काढली.
कपाळावर टेकवली, गालांवर, मानेवर, कानांवर.
ती डोळे मिटून उभी, जसं काही
कुणी तिच्या अंगाला हळद लावायलंय.

हे सगळं उशिरा आहे, प्रज्योती म्हणते,
सुरकुत्या परतीच्या गाडीनं जात नाहीत,
नव्या येणाऱ्या तेवढ्या थोड्या थांबतात.
चालेल. थांबा-विनंती थांबाही थांबाच असतो.

आता गंगाखेडला, दहाच्या चहाआधी,
मी तिला फोन लावतो.
"लावलं का परत?"
"हात चिकाचे हायती."
"मनगटानं लाव."
"टोपण कोण उघडणार? कावळे?"
"दातानं उघड."
"पुडी खाल्ली का आज?"

मग मी वरच्या खिशाला हात लावतो,
आणि रेंज गेल्यासारखं करतो.
गाडी तीन मिनिटं उशिरा निघते.
गुंडेराव विचारतो, कारण काय लिहू?