वारं प्यालेलं

बागूल नावाचा पोरगा आला मोटरसायकलवर,
पिशवीतून मशीन काढून स्टुलावर ठेवलं,
म्हणाला, काका, तासाला एकेचाळीस वेळा
श्वास थांबतोय तुमचा.
एकतीस वर्षं नाशिकरोडला प्रेसमध्ये काढली मी,
तिथं तासाला किती कागद छापले ते मोजायचे.
हे कोणी मोजलं?
स्वयंपाकघरातून शैला म्हणाली, आधी मी.

पहिल्या रात्री मास्क चाळीस मिनिटं टिकला.
दुसऱ्या रात्री अकरा.
तिसऱ्या रात्री झोपेतच ओढून फेकला,
सकाळी कपाटाखाली सापडला, नळीसकट,
आणि मशीन बिचारं
रात्रभर फरशीला हवा पाजत होतं.

नाक दाबलं की तोंड उघडतं,
ही म्हण मी शाळेत दोन मार्कांना लिहिली होती.
अर्थ आत्ता कळतोय, रोज अडीच वाजता:
तोंड उघडतं, सगळी हवा तिथूनच पसार,
जीभ खडूसारखी टाळ्याला चिकटते.
मग हनुवटीखालून डोक्यापर्यंत पट्टी बांधली.
आरशात पाहिलं,
आणि शैलानं चटकन दिवा घालवला.
दोघांनाही अण्णा आठवले,
शेवटच्या दिवशी असेच बांधलेले.
पट्टी आता खुंटीवर असते.

पोटात वारा भरतो, ते आणखी वेगळंच.
आई मला वारं प्यालेलं वासरू म्हणायची,
शाळा सुटली की मी दप्तरासकट वालदेवीच्या पात्रात.
आता बासष्टाव्या वर्षी खरोखरच पितो,
अकराच्या दाबानं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर,
आणि पहाटे जिना उतरताना असा ढेकर देतो
की खालचे जगताप पेपर खाली करून बघतात.

मिशी काढा, कडेनं हवा गळते, म्हणाला बागूल.
चौऱ्याऐंशी सालची मिशी.
निम्मी बारीक केली, निम्म्यावर तह झाला.
हवा अजून गळते, डाव्या डोळ्यात जाते,
तो डोळा रात्रभर रडतो.
मी नाही.

दुपारी टीव्हीसमोर मास्क लावून बसायचं,
हाही त्याचाच सल्ला. म्हणे भीती जाते.
कांद्याचे भाव ऐकत बसतो नळी लावून.
पोस्टमन एकदा दारातूनच परत गेला.

डिसेंबरात निफाडकडून गारठा आला
आणि नळीत पाणी साचायला लागलं.
आधी गुरगुर, मग थेट नाकात थेंब,
मी दचकून उठायचो, वालदेवीत बुडाल्यासारखा.
शैलानं काही विचारलं नाही.
बुधवारच्या बाजारातली एक सुती साडी,
धुऊन धुऊन सायीसारखी झालेली,
उभी फाडून तिनं नळीला खोळ शिवली,
सहा फूट लांब, निळ्या फुलांची.
बागूल आधी हसला,
मग फोटो काढून घेऊन गेला
दुसऱ्या पेशंटना दाखवायला.

पण मला सांगायचं होतं ते हे नव्हे.

किती वर्षं ती अंधारात मोजत होती.
माझा श्वास अडला की एक, दोन, तीन.
अठराला पोटात गोळा यायचा म्हणते,
बाविसापर्यंत धीर धरायचा,
मग कोपर.
मला वाटायचं, घोरतो म्हणून मारते.
भांडलोय त्यावरून, पाहुण्यांसमोर.

आता मी सलग पाच तास झोपतो
आणि ती जागी.
परवा दोनला डोळा उघडला,
तर तिचा हात मास्कच्या बारीक भोकांपाशी,
जिथून वापरलेला श्वास बाहेर पडतो.
थंडीत तळवा शेकत होती
की अजून मोजतच होती, कोण जाणे.
विचारावं तर तोंड उघडणार, हवा जाणार.

मी डोळे मिटले
आणि मुद्दामच एक श्वास धरून ठेवला.
एक, दोन, तीन, चार
सातालाच कोपर बसलं.