एक नळी कमी

आई जिन्यात कुणाला तरी सांगत होती,
आमची रूथ पाइप ऑर्गन शिकते,
तर धोंगडे काकूंनी गळका नळ बघायला बोलावलं मला.
गेले. वॉशर बदलून आले.

पहिल्या दिवशी उजागरे सरांनी बाकावर बसवलं
आणि हात मांडीवर ठेवायला लावले.
तीन महिने फक्त पाय.
खाली लाकडाच्या लांब पट्ट्या,
पेटीच्या पट्ट्या कुणी ताणून ठेवल्यासारख्या,
आणि वाकून बघायचं नाही.
"जिना उतरताना बघतेस का?"
नाना पेठेतल्या आमच्या जिन्यात बल्ब नाही,
तेव्हा खरंच बघत नव्हते.

घरी फरशीवर खडूनं तीस पट्ट्या आखल्या.
त्यांच्यावर स्टूल, स्टुलावर मी.
समोर आईचं मशीन, तिची टाच-चवडा, टाच-चवडा,
ब्लाउजांच्या बाह्या सरकत जायच्या
आणि मला कळायचं, हे घरातच होतं की.
फरशी पुसताना ती खडूच्या कडेकडेनं पुसायची.

बूट कॅम्पातल्या मोच्यानं शिवले.
पातळ तळ, इंचभर टाच, रस्त्यावर घालायचे नाहीत.
"मग बूट कशाला?" तो म्हणाला,
आणि वीस रुपये कमी घेतले.

ऑर्गनवर पाटी आहे:
विनापरवानगी हात लावू नये.
खाली पेन्सिलीनं, सरांच्या अक्षरात: पायही.

रविवारी चाळीस माणसं असतात, गातात सहा.
सहातले दोघं माझ्या पुढे,
एक मागच्या कडव्यात.
सूर बोटाखालून निघतो, छताला जाऊन येतो,
तोवर तुम्ही दुसरीकडे पोचलेले असता.
आपलं वाजलेलं ऐकत बसायचं नाही, सर म्हणत,
ऐकलंस की राहिलीस मागे.

स्पर्धा नोव्हेंबरात, आमच्याच चर्चमध्ये.
पाच जण. कोहिमाचा मुलगा डोळे मिटून वाजवत होता,
मी त्याचे पाय बघत होते.
मग माझं नाव.
सातव्या ओळीत कोमल धैवत दाबला, सोडला,
आणि तो थांबेना.

बोट वर, सूर चालू.
दोन्ही हात वर. सूर चालू.
तीन परीक्षक, तीन चष्मे,
आणि त्या सगळ्यांवरून तो एकटा,
लग्नात माइक न सोडणाऱ्या काकासारखा.

मी उठले. बूट काढले.
मागच्या शिडीनं वर चढले,
धुळीत, कबुतराच्या पिसांत, शेकडो नळ्यांत
थरथरणारी एक शोधली आणि उपसली.
हातभर, शिशाची, गार.
भोकातून नुसता वारा यायला लागला.
सरांनी खालून, न बोलता, रुमाल वर फेकला.
तो कोंबला.

बूट घातले. पहिल्यापासून सुरू केलं.
जिथं जिथं तो धैवत यायचा
तिथं एक पायरी नव्हती.
मी न बघता पाय टाकत गेले.

चौथी आले.
शेऱ्यात लिहिलं होतं: वेळ सहा मिनिटं जास्त.
सर एवढंच म्हणाले, रुमाल धुऊन आण.

दुरुस्तीवाला फेब्रुवारीत येणार.
तोवर नळी आमच्याकडे,
कात्री, टेप, बॉबिनच्या डब्याशेजारी उभी.
काल संध्याकाळी आईनं दातानं दोरा तोडला,
नळी उचलली, पदरानं तोंड पुसलं तिचं,
आणि फुंकली.

पहिल्यांदा वारा.
दुसऱ्यांदाही वारा.
तिसऱ्यांदा तो आला.

जिन्यात कुणीतरी चढत होतं अंधारात,
ते थांबलं.
मग पावलं परत सुरू झाली,
टाच, चवडा, टाच.