टाकी ते टाकी

ब्रोशरात छापलं होतं बावीस पूर्णांक चार.
मी फाउंड्रीतला माणूस, उद्यमबागेत
एकोणीस वर्षं कास्टिंग मोजतोय;
कागदावरचं माप आणि हातातलं माप
यांत केसभर फरक धरायचा, एवढं मला कळतं.
पण लिटरमागं सहा किलोमीटर
म्हणजे केस नव्हे, अख्खी वेणीच की.

म्हणून डॅशबोर्डच्या खणात वही.
टाकी तोंडापर्यंत भरायची, आकडा टिपायचा,
परत तोंडापर्यंत भरायची, भागायचं.
गाडी स्क्रीनवर स्वतःचं कौतुक सांगत असते,
अठरा, अठरा दोन,
तिकडं बघायचं नाही.
पंपावरचा सिद्राय पाइप उचलून म्हणतो, "झिरो नोडरी, सर."
मी म्हणतो, "बघितलं रे, सोड."
कटऑफनंतरही तो दोनदा दाबतो;
त्याला माहीत आहे, या माणसाला
दशांश चिन्हापुढचंही लागतं.

सोळा एक. पंधरा नऊ. सोळा चार.
बाकीचे सहा गेले कुठं?
काही टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटपाशी:
मालगाडी लोंढ्याकडं निघालेली,
डबे मोजून संपेनात, आणि मंदाचं
"एसी बंद करू नका, साडीला घाम लागतो."
काही वंटमुरीच्या चढाला, तिसऱ्या गियरमध्ये.
काही संकेश्वर ते हुक्केरी, उसाच्या ट्रॉल्यांमागं,
दोन-दोन जोडलेल्या, शेवटाला एक लाल फडकं,
ओव्हरटेक करावं तर समोरून तसलीच दुसरी.
अर्धा-पाऊण तर डिकीतच बसून गेला:
तांदळाचं पोतं, सासूबाईंचा दुरुस्तीचा मिक्सर,
आणि कुणाच्या तरी बारशाची
अजून परत न केलेली परात.

मेव्हणा धनपाल कागलहून येतो
तो काटा लालवर आल्याशिवाय नाही.
इकडं पेट्रोल रुपया-सव्वा रुपयानं स्वस्त.
"बहिणीला भेटून जावं म्हटलं," म्हणतो,
आणि जाताना निपाणीत टाकी फुल.
चाळीसेक रुपये सुटतात.
कोगनोळीचा टोल तो धरत नाही.
मी एकदा धरून दाखवला, जेवताना.
त्या दिवशी मला दुसऱ्यांदा आमटी मिळाली नाही.

वहीच्या मागच्या पानावर
विमा, चार टायर,
दस्तगीर मिस्त्रीकडची बुशिंगं,
उंदरानं खाल्लेली एक वायर,
हप्ते उरलेत बावीस. हा बावीस मात्र खरा.
सगळं धरून किलोमीटरला साडेतेरा रुपये.
तेव्हापासून शहापुरात भाजीला गेलो
की मेथीची जुडी मला साठ रुपयांची दिसते.
शेजारी म्हणतात, सीएनजी बसवा.
डिकी जाईल. परात कुठं ठेवू?

फेब्रुवारीत एक ओळ आहे: नऊ पूर्णांक सात.
पुढच्या रकान्यात फक्त लिहिलंय, केतकी.
रोज सकाळी सहाला
व्हॅक्सिन डेपोतल्या झाडांखाली
पहिला गियर, बंद. पहिला गियर, बंद.
क्लचवर पाय ठेवूनच जन्म काढायचा असल्यासारखी.
"बाबा, ही रडते का अशी?"
स्क्रीनवर चार आले, मग नुसत्या रेघा.
जूनमध्ये दस्तगीरनं प्लेट हातात दिली,
पार घासलेली. साडेअकरा हजार.
"कोण शिकलं?" त्यानं विचारलं, आणि चहा सांगितला.

प्लेट मी फाउंड्रीत नेली, व्हर्नियर लावला.
एक पूर्णांक सात मिलिमीटर झीज.
ते कुठल्या रकान्यात घालायचं कळेना.
समासात लिहून ठेवलं.

आत्ता तिचा फोन होता, हत्तरगीच्या अलीकडून,
मागं ट्रकचे हॉर्न:
पंपावर उभी आहे, किती भरू?
म्हटलं, तोंडापर्यंत.
आणि झिरो बघ.