अडीच

भात शिजतो रात्री अडीचला
कॅम्पमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
साडेतीनला डब्यात, चारला बसमध्ये,
आणि मी तो उघडतो दुपारी साडेबाराला
क्रेनच्या केबिनमध्ये, दोनशे चौदा पायऱ्या वर.
तोवर त्यानेही माझ्याइतकीच ड्यूटी केलेली असते.

इथे जेवायला सोबत नाही.
एकीकडे समुद्र, एकीकडे राखी डोंगर,
मधे रास अल खैमा,
डाव अर्धा टाकून कुणी उठून गेल्यासारखं.
खाली उतरून पुन्हा चढायचं
तर सुट्टी शिडीवरच संपते.
पाणी घोट घोट.
का, ते वर बसणाऱ्याला ठाऊक.

तीन वर्षं मी डबा पुसून खाल्ला.
भात, डाळ, कोंबडीचा एक तुकडा, पुन्हा भात.
पगारातून दोनशे दिरहम कापतात,
मग शीत तरी का सोडा?
वर थर्मासमधला चहा, साखर तीन चमचे.
पाऊण तास मी वाघ.

मग अडीच वाजतात.

झोप आली, असं म्हणता येत नाही.
पोटात कुणीतरी सतरंजी अंथरतं
आणि एकेक अवयव येऊन तिच्यावर बसतो.
आधी पाय. मग खांदे.
डोळे सगळ्यांत शेवटी, पाहुण्यासारखे संकोचत.

नोव्हेंबरातली गोष्ट.
आकड्याला अडीच टन सळ्या.
खाली तिलबहादूर, एक हात वर.
रेडिओवर म्हणाला, "थोडा नीचे, परकारभाई."
मी ऐकलं.
हाताने ऐकलं नाही.
किती वेळ? तो म्हणतो, चार सेकंद.
सळ्या वाऱ्यावर सावकाश फिरत होत्या.
त्यांची सावली त्याच्या पिवळ्या हेल्मेटवरून
गेली, परत आली, पुन्हा गेली.

पडलं काहीच नाही.
संध्याकाळी बसमध्ये तो माझ्याशेजारी बसला,
विचारलं काही नाही,
संत्रं सोललं आणि अर्धं मला दिलं.

दुसऱ्या दिवसापासून भात मी रात्रीवर ढकलला.
आता वर नेतो अर्धा खुबूस, काकडी,
उकडलेली दोन अंडी, भिजवलेले चणे,
लबनची छोटी बाटली.
दोन वाजून दहा मिनिटांनी तीन खजूर, औषधासारखे.
चहा बिनसाखरेचा, तोंड वाकडं करून.
मेसवाला कुंजुमोन रुसला,
माझ्या भाताला काय झालं म्हणाला.
त्याला कसं सांगू, भाताला काही झालेलं नाही,
तो जमिनीवरच्या माणसाचा आहे.

तसं मला आधीच कळायला हवं होतं.
रमजानात ही झोप कधीच आली नव्हती.
तहान यायची, कपाळ ठणकायचं,
पण सतरंजी कुणी अंथरत नसे.
कळतं कुठे!
मगरिबची बांग झाली की आम्ही सगळे
दिवसाचं व्याजासकट वसूल करायचो.

मैमुना रात्री फोनवर विचारते,
"जेवलात ना पोटभर?"
तिच्या हिशेबात पोटभर म्हणजे सुखरूप.
माझ्या हिशेबात ते उलटं झालंय,
पण त्यासाठी तिला आधी क्रेन सांगावी लागेल,
मग नोव्हेंबर सांगावा लागेल.
मी म्हणतो, "हो, पोटभर."

सुट्टीच्या दिवशी मात्र
तिनेच पाठवलेली कुळथाची पिठी करतो,
भात मऊ, वर भाजलेली सुकट,
बोटांनी कालवून, ताट चाटूनपुसून.
तिलबहादूरही खातो. मिरची जास्त झाली म्हणतो
आणि पुन्हा वाढून घेतो.

नंतर तो त्याच्या खाटेवर, मी माझ्या.
सतरंजी अंथरली जाते. मी अडवत नाही.
खिडकीत दोरीवर कुणाचा तरी शर्ट हलतो,
त्याची सावली तिलबहादूरच्या कपाळावरून
जाते, परत येते.
मी बघत राहतो थोडा वेळ.
मग तेही नाही.