सतरा खडे

नर्सला वाटलं मी बाटली फेकून देईन.
मी ती शालीत गुंडाळली
आणि तेमुकोहून निघणाऱ्या बसमध्ये सव्वा तास
मांडीवर धरून बसले,
अंडी धरतात तशी.

सतरा आहेत. घरी आल्यावर मोजले.
बहुतेक फिकट पिवळे, वाटाण्याएवढे, पैलू पाडलेले.
एकमेकांना घासून पैलू पडतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
लहान खोलीत फार जण राहिले की होतं तसं.
एक तेवढा काळा, तुतीसारखा खडबडीत.

आईला होतं हे. तिच्या आईलाही होतं,
पण तेव्हा त्याला नाव नव्हतं.
आजी नुसती म्हणायची, "काल रात्र आली होती,"
आणि चूल पेटवायला वाकायची
उजव्या हाताने बरगडी दाबून.

माझ्याकडे रात्र यायची
चरबीत तळलेल्या सोपाइपिया खाल्ल्यावर.
बरगडीखालून निघायची
आणि मागे खांद्याच्या पात्यात जाऊन बसायची.
मीही बसायचे, शेगडीला पाठ लावून,
बोल्दोच्या पाल्याचा काढा फुंकत.
आडवं होता येत नसे, उभं राहता येत नसे.
कुत्रा तेवढा सोबतीला.

शेजारीण म्हणाली, तू सगळं पोटात ठेवतेस ओर्फेलिना,
नवरा गेला ते, कुंपणाचा खटला हरलीस ते,
त्याचेच दगड झाले.

काहीतरीच.
मी कधीच काही पोटात ठेवलं नाही,
त्या कुंपणापाशी उभी राहून काय काय बोलले
ते नदीपलीकडच्या लोकांनाही पाठ आहे.
पोटात ठेवणारी एर्सिलिया, माझी मोठी बहीण.
तिच्याही पोटात दुःख नव्हतं, कोलेस्टेरॉल होतं.
आणि त्याच्या आडोशाला
दुसरं काहीतरी.

आम्हा दोघींची सोनोग्राफी एकाच सकाळी झाली होती.
यादीत तिचं नाव वर, माझं खाली.
मी रात्री ओरडायचे, ती घोरायची.
तिला आधी बोलावणं आलं, मार्चमध्ये.
ती म्हणाली, मला कुठे काय दुखतंय,
बटाटे निघू देत.

बटाटे निघाले. चांगले निघाले त्या वर्षी.
मग पाऊस, मग रस्ता बंद,
मग ऑगस्टमध्ये नदीकाठचे आरोमो फुलले
आणि तिचे डोळे पिवळे दिसू लागले.
आधी आम्हाला वाटलं, फुलांचा उजेड पडलाय.
मग अंगाला खाज सुटली.
सुरीच्या बोथट बाजूने
मी तिची पाठ खाजवायचे, तासन्‌तास,
आणि ती म्हणायची, अजून थोडं खाली,
अगदी लहानपणच्या आवाजात.

तिला उघडलं आणि पुन्हा शिवलं.
काही काढलं नाही, म्हणून तिची बाटली नाही.
तिचे खडे तिच्याबरोबर टेकडीवर गेले.
किती होते, कोणी मोजले नाहीत.

काल तिची यानेत आली होती. एकोणीस वर्षांची.
आम्ही टेबलावर घेवडा निवडत होतो.
मी सहज खडा टाकून पाहिला,
तपासणीला कधी जातेस?
"मला कुठे काय दुखतंय."

मी काही बोलले नाही.
फडताळातून बाटली काढली
आणि सगळे खडे पाण्याच्या वाडग्यात ओतले.
वर्षभरात वाळून हलके झालेत,
पिवळे सगळे तरंगले.
काळा बुडाला.
ती हसली, "बुचासारखे आहेत गं मावशी!"
बोटाने एकेक ढकलत राहिली,
कडेला लागला की पुन्हा आत.
एवढी हसली की मलाही हसू आलं.

मग परत घेवडा निवडू लागली.
बराच वेळ नुसता दाण्यांचा आवाज.

"बस कितीला असते?"
सात दहाला.
"आणि खाऊन जायचं?"
नाही, उपाशी पोटी.
"पाणी?"
घोटभर चालतं, म्हटलं,
आणि वाडगा हळूच माझ्याकडे ओढून घेतला.