जागल

मोह टपकायला लागला की
दुसऱ्या दिवशी हातांवर उमटतं,
कोपरापासून मनगटापर्यंत, गळ्याच्या खाचेत,
लाल, मोहरीएवढं.
बाहीखाली मात्र काहीच नाही.

सासू म्हणते, मोहाचा रस बाधला.
चिमूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऊन.
केसपेपरच्या पाठीवर त्यांनी कातडीचे थर काढले,
धुऱ्यांसारखे,
आणि मधे फांद्या पसरलेल्या पेशी.
"ऊन लागलं की बाकीच्यांच्या ह्या उठून जातात.
तुझ्या, शेवंता, बसून राहतात.
टी-पेशींना हाका मारतात."

मला हसू आलं.
आमचे डोमाजीबुवा असेच.
हरभरा घरी आला तरी मचाणावर जागलीला,
वाऱ्यानं तुराटी वाजली की डबा बडवायचे
आणि अख्खं गाव काठ्या घेऊन वावरात.
डुक्कर नव्हतंच.
तुडवला गेला तो आमचाच वाल.

कोणी रागावलं नाही त्यांना.
पाचव्या रात्री आपणच उतरले,
घोंगडी खांद्यावर टाकून.

आज नववा दिवस. टोपली अर्धी.
बाही वर सारून
बाईंनी सांगितलं तेवढंच ऊन
हातावर घेते.
खाज कालच्यापेक्षा कमी.
शिडी करकरते आहे कुठंतरी
कातडीच्या आत.