पान एकशे त्रेचाळीस

दाखल क्रमांक चार हजार चारशे सतरा.
कव्हरवर छत्री, छत्रीखाली कुणी नाही.
जामसंड्याच्या चढावर आमचं वाचनालय,
खाली कॅनिंगवाल्यांचं गोडाऊन,
म्हणून मे महिन्यात सगळ्याच पुस्तकांना आंब्याचा वास.
हिला नाही.
ही कपाटात राहतच नाही.

गोष्ट एवढीशी: पुण्यातली ती, बंगळुरातला तो,
दोघांना बरे पगार, दोघांना आधीचं एकेक दुखणं.
पान एकशे त्रेचाळीसवर तो फोन करतो.
ती समोर बसून वाजू देते.
पुढची शंभर पानं त्या न उचललेल्या फोनची.

पाध्ये मास्तरांनी परत करताना चष्मा पुसला.
"उचलला असता तर तिथेच आटोपलं असतं.
कागद काय भावाने मिळतो, बाई!"
दंडाचे दोन रुपये मोजून ठेवले,
दारापर्यंत गेले, चप्पल घालता घालता
विचारलं, "ह्या लेखिकेचं दुसरं काही?"

हेमांगी खवळे बर्फाच्या फॅक्टरीत हिशेब लिहिते.
तिच्याकडून पुस्तक गार येतं.
"ह्यो बापयो आठ दिवस माज्याकडे धाडा,
सरळ करून देतंय."
खरा राग त्याच्यावरही नाही;
आहे तो त्याच्या आईवर,
जी अख्ख्या कादंबरीत दोनदाच येते
आणि दोन्ही वेळा पोहे करते.

ऋचिता तेली, एफवाय बीकॉम:
"टॉक्सिक आहे तो, मॅडम. इतके रेड फ्लॅग,
तुमच्या पिढीला दिसत कसे नाहीत?"
मी म्हटलं, अगो, बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला
तरी माणसं होड्या घालतातच.
तिला ते पटलं नाही. मलाही नीटसं नाही.

बावतीस फर्नांडिस, जहाजावर चौतीस वर्षं:
"फोन उचलूक नाय, तेच्यात स्टोरी काय?
आमच्या टायमाक पत्राक दोन म्हयने लागत."
मग खिडकीतून पवनचक्क्यांकडे बघत राहिला.
"एकदा तर इलाच नाय."

नफीसा मुकादम शिवणकाम करते. तीनदा मुदत वाढवली.
मत विचारलं तर हसली, पदर सारखा केला, गेली.
त्या पानात निळा दोरा राहिला होता,
हातभर.

आणि समासात पेन्सिलीने, चार वेगळ्या हातांनी:
"मूर्ख!"
"कोण?"
"दोघं."
"तुम्ही."
दर रविवारी मी खोडरबर घेऊन बसते.
ह्या चार ओळींपाशी आले की चहा ठेवायला उठते.

आमच्या ह्यांची वस्तीची एसटी, विजयदुर्गला मुक्काम.
कुणाला कळू न देता पुस्तक डब्याच्या पिशवीतून गेलं,
चार रात्रींनी परत आलं.
"सायलेंटवर असेल गं."
म्हटलं, वाजतोय असं लिहिलंय. सात वेळा.
"मग आंघोळीला गेली असेल."
समोर बसलीय, लिहिलंय तसं.
त्यांनी आमटीत भात कालवला,
एक घास घेतला, दुसरा हातातच राहिला.
"मग दमली असेल."

रात्री ते पान पुन्हा काढलं.
दमली हा शब्द त्यात कुठेच नाही.
मागच्या पानावर नाही, पुढच्यावर नाही.
लेखिकेने पडद्याचा रंग सांगितलाय,
कपातल्या कॉफीवरची साय सांगितलीय.

शिवण उसवलीय आता, पानं सुटतायत.
उद्या समितीची बैठक:
नवी प्रत घ्यावी की ही रद्दीत काढावी.
अध्यक्षांनी कादंबरी वाचलेली नाही,
पण मत आहे.
मी डिंक आणलाय, जाड सुई आणलीय.
दोरा आहेच.